शाळेचा क्रम आणि परीक्षेचे गुण : अंतिम निकाल कसा सिद्ध होतो?

दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या चिकित्सालयांत रुग्णांच्या तक्रारींबरोबर गुणपत्रिकाही येऊ लागतात. मुलाची भूक मंदावली आहे, मुलीला रात्री झोप नाही, असे सांगत पालक बसतात आणि नाडी पाहून होण्यापूर्वीच बोलणे टक्केवारीवर येते. आपल्यापैकी अनेकांच्या घरीही हा प्रसंग आलेला असेल. आमच्या एका व्यवसायबंधूंची कन्या पहिलीपासून वर्गात प्रथम येत असे. बोर्डाच्या परीक्षेच्या वेळी तिला ताप होता. तिचे गुण घसरले, आणि शेजारच्या दुसऱ्या शाळेतील सामान्य समजला जाणारा मुलगा तिच्यापुढे निघून गेला. त्या बंधूंनी आम्हांस विचारले, “दहा वर्षे शाळेने जो पहिला क्रमांक दिला, तो या निकालात कोठे गेला?”

प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर पुष्कळ शिक्षकांनाही नेमके सांगता येत नाही. शाळेने वर्षभर केलेले मूल्यमापन आणि मंडळाची अंतिम परीक्षा या दोहोंचा मेळ घालून निकाल कसा तयार होतो, तसा मेळ घालण्याच्या पद्धती कोणत्या, आणि त्यांपैकी कोणत्या पद्धतीत विद्यार्थ्यावर अन्याय होण्याचा संभव अधिक, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. आपल्या पाल्यांचे प्रवेश आणि औषधालयात घ्यावयाच्या उमेदवारांची निवड ही दोन्ही कामे गुणपत्रिकेवर अवलंबून असल्याने हा विषय आपल्या व्यवसायबंधूंना परका नाही.

दोन माने, एक बेरीज

आपल्या शास्त्रात मागध व कालिंग अशी दोन माने सांगितली आहेत. चरकाच्या कल्पस्थानात दोहोंचा उल्लेख करून मागध मान श्रेष्ठ मानले आहे. मासा हा शब्द दोन्हींकडे तोच असला तरी वजन एक नाही. एका पाठातील काही द्रव्ये मागध मानाने व काही कालिंग मानाने मोजून एकत्र केली, तर योग बिघडेल हे कोणत्याही औषधनिर्मात्यास सांगावे लागत नाही. निकालाच्या बाबतीत मात्र हीच गोष्ट आपण सर्रास होऊ देतो.

महाराष्ट्र राज्य माध्यमिक मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत सामान्यतः एका विषयाचे ८० गुण लेखी परीक्षेचे व २० गुण शाळेने द्यावयाचे अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. लेखी उत्तरपत्रिका परक्या शाळेतील परीक्षक तपासतो, प्रश्नपत्रिका सर्वांना एकच असते. अंतर्गत २० गुण मात्र ज्या त्या शाळेतील शिक्षक आपल्या हाताने देतात. एका शाळेचा हात सढळ असतो, दुसरीचा आखडता असतो. दोन्ही गुण जसेच्या तसे बेरजेत जातात. म्हणजे ८० गुण एका मानाचे आणि २० गुण शाळागणिक बदलणाऱ्या मानाचे, अशी ही बेरीज होय.

नाममात्र वजन व खरे वजन

येथे एक मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. अंतर्गत मूल्यमापनास २० गुण ठेवले म्हणजे निकालात त्याचे वजन २० टक्के झाले, असे बहुतेकांस वाटते. वस्तुतः तसे नसते. निकालातील वजन एकूण गुणांवर ठरत नसून विद्यार्थ्या-विद्यार्थ्यांमध्ये पडणाऱ्या अंतरावर ठरते.

समजा, एका सढळ हाताच्या शाळेत सर्व मुलांना २० पैकी १८ ते २० गुण दिले. त्या शाळेतील सर्वांत अभ्यासू आणि सर्वांत उदासीन विद्यार्थी यांच्यात वर्षभराच्या कामाने फक्त २ गुणांचे अंतर पडले. नावाला २० गुण असले, तरी त्या शाळेपुरते त्यांचे वजन २ गुणांइतकेच उरले. उलट काटेकोर शाळेने १० पासून १८ पर्यंत गुण दिले, तर तेथे ८ गुणांचे अंतर पडले.

आता दोन्ही शाळांतील मध्यम विद्यार्थी शेजारी उभे करू. सढळ शाळेतील मध्यम विद्यार्थ्यास अंतर्गत १९, काटेकोर शाळेतील मध्यम विद्यार्थ्यास १४. लेखी परीक्षेत दोघांनाही ८० पैकी ६० मिळाले. एकाचे झाले ७९, दुसऱ्याचे ७४. सामायिक परीक्षेत दोघे समान ठरले असताना प्रवेशाच्या यादीत ५ गुणांचे अंतर पडले, आणि ते केवळ शाळेच्या हाताने पडले. आमच्या व्यवसायबंधूंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. त्यांच्या कन्येचा पहिला क्रमांक साध्या बेरजेत शिरलाच नव्हता. तिच्या शाळेने दिलेले आकडे तेवढे शिरले होते.

नागपूर विभागाचा अनुभव

या वीस गुणांनी केवढी उलथापालथ होते, हे आपल्या विभागाने प्रत्यक्ष पाहिले आहे. मंडळाच्या नागपूर विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे ६ जिल्हे येतात. २०१८ साली दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के व नागपूर विभागाचा ८५.९७ टक्के होता. २०१८-१९ या वर्षी भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे अंतर्गत गुण काढून टाकण्यात आले. २०१९ च्या निकालात राज्य ७७.१० टक्क्यांवर आले आणि नागपूर विभाग ६७.२७ टक्क्यांवर, म्हणजे सर्व ९ विभागांत शेवटच्या स्थानी घसरला. राज्याची घट १२.३१ टक्के-अंकांची, तर आपल्या विभागाची १८.७० टक्के-अंकांची होती. पुढील वर्षी अंतर्गत गुण पुन्हा लागू झाले. २०२० चा राज्याचा निकाल ९५.३० टक्के, तर नागपूर विभागाचा ९३.८४ टक्के लागला.

एका वर्षात सहा जिल्ह्यांतील मुलांची बुद्धी मंदावली आणि दुसऱ्या वर्षी ती तल्लख झाली, असे कोणी म्हणणार नाही. २०१९ साली दहावीचा अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळे सारी घट अंतर्गत गुणांच्या माथी मारणे योग्य होणार नाही. तथापि मापाचा एक भाग काढला व पुन्हा घातला, आणि निकाल खाली जाऊन वर आला, हे तर उघड आहे. त्याच वर्षी अन्य मंडळांच्या विद्यार्थ्यांचे अंतर्गत गुण मात्र कायम होते. अकरावीच्या प्रवेशयादीत ही दोन प्रकारची मापे शेजारी-शेजारी आली आणि राज्य मंडळाच्या मुलांच्या पालकांत अस्वस्थता पसरली. ती अस्वस्थता अवाजवी नव्हती.

क्रम शाळेचा, पट्टी परीक्षेची

मग शाळेचे मूल्यमापन सर्वस्वी टाकून द्यावे काय? आमचे मत तसे नाही. तीन तासांच्या लेखी परीक्षेत जे दिसत नाही, ते वर्षभर समोर बसलेल्या विद्यार्थ्याविषयी शिक्षकास ठाऊक असते. आपणही रुग्णाची एका दिवसाची नाडी पाहून प्रकृती ठरवीत नाही. शिक्षकाच्या ज्ञानात एक भाग विश्वसनीय आहे व एक नाही, हे ओळखले म्हणजे मार्ग सापडतो. आपल्या वर्गात कोण कोणाच्या पुढे आहे, हे शिक्षक बऱ्याच अंशी बरोबर सांगू शकतो. परंतु आपला वर्ग इतर शाळांच्या तुलनेत किती उंचीवर आहे, हे त्यास नेमके सांगता येत नाही, कारण ते वर्ग त्याने पाहिलेलेच नसतात. म्हणून शाळेकडून क्रम घ्यावा आणि उंची मोजण्याची पट्टी सामायिक परीक्षेकडून घ्यावी.

हे तत्त्व ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या राज्यात बारावीच्या परीक्षेस लावले जाते. सिडनीस स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही याच पद्धतीने बारावी होतात. तेथे अंतिम गुणांचा निम्मा भाग शाळेचा व निम्मा सामायिक परीक्षेचा असतो. शाळेने दिलेले गुण मात्र जसेच्या तसे घेत नाहीत. त्या शाळेतील विद्यार्थ्यांनी त्या विषयाच्या सामायिक परीक्षेत मिळविलेल्या गुणांच्या आधारे ते बदलून घेतात. ही क्रिया उदाहरणाने स्पष्ट होईल.

एका शाळेत एका विषयाचे ५ विद्यार्थी आहेत असे धरू. सढळ शाळेने त्यांना १०० पैकी ९८, ९६, ९४, ९२ व ९० गुण दिले. सामायिक परीक्षेत याच गटाने ८०, ७२, ६६, ६० व ५२ गुण मिळविले, म्हणजे सरासरी ६६ झाली. आता शाळेत पहिल्या आलेल्यास परीक्षेतील या गटाचे सर्वोच्च गुण, म्हणजे ८०, देतात. शेवटच्यास सर्वांत कमी, म्हणजे ५२, देतात. मधल्यांना शाळेने ठेवलेल्या अंतरांच्या प्रमाणात ७३, ६६ व ५९ मिळतात. या नव्या पाच गुणांची सरासरी पुन्हा ६६ च येते. प्रत्यक्षातील गणित याहून थोडे सूक्ष्म असते, पण गाभा हाच आहे.

आता समजा, शाळा काटेकोर असती आणि तिने याच मुलांना ६०, ५५, ५०, ४५ व ४० गुण दिले असते. बदल केल्यानंतर आकडे पुन्हा ८०, ७३, ६६, ५९ व ५२ असेच आले असते. सढळ हाताने लाभ झाला नाही, आखडत्या हाताने तोटा झाला नाही. क्रम व अंतरांचे प्रमाण तेवढे टिकले.

आमच्या व्यवसायबंधूंच्या कन्येस या पद्धतीत काय मिळाले असते, तेही पाहू. ती शाळेत पहिली होती, परंतु तापामुळे परीक्षेत तिला ६० च मिळाले, आणि गटातील सर्वोच्च ८० गुण शाळेत दुसऱ्या आलेल्या मुलीने मिळविले, असे धरू. पहिल्या मुलीचे शाळेचे गुण ८० ठरतील, परीक्षेचे ६०, आणि दोहोंची सरासरी ७०. दुसऱ्या मुलीचे शाळेचे ७३, परीक्षेचे ८० व सरासरी ७६.५. दुसऱ्या मुलीचे यश तिच्याकडेच राहिले. पहिलीचा एका दिवसाचा ताप पूर्णपणे भरून निघाला नाही, परंतु दहा वर्षांचा क्रम वायाही गेला नाही.

या पद्धतीत आणखी एक गुण आहे. वर्गसोबत्याने परीक्षेत चांगले गुण मिळविले, तर साऱ्या गटाची पट्टी उंचावते. त्यामुळे क्रमासाठी स्पर्धा असली, तरी सोबत्यास शिकविण्यात आपलाही लाभ असतो. दोषही सांगितले पाहिजेत. गट फार लहान असेल तर एकाच विद्यार्थ्याच्या गुणांनी पट्टी हलते. आणि सामायिक परीक्षेत कॉपी झाली, तर पट्टीच खोटी ठरते. विदर्भातील काही केंद्रांचा इतिहास पाहता हा दुसरा दोष आपण दृष्टीआड करू नये.

आपल्या देशातील एक प्रयोग

हे तत्त्व आपल्या देशात अगदीच अपरिचित आहे असे नाही. २०१३ ते २०१६ या चार वर्षांत अभियांत्रिकीच्या जेईई मेन परीक्षेची अखिल भारतीय क्रमवारी ठरविताना प्रवेशपरीक्षेस ६० टक्के व बारावीस ४० टक्के वजन होते. देशात मंडळे अनेक, प्रत्येकाची गुण देण्याची रीत वेगळी. म्हणून बारावीचे गुण सरळ न घेता विद्यार्थ्याचे त्याच्या मंडळातील स्थान, म्हणजे पर्सेंटाइल, घेत असत. ९५ पर्सेंटाइल याचा अर्थ १०० पैकी ९५ विद्यार्थी त्याच्या बरोबरीने किंवा मागे.

मग त्या स्थानावरील परीक्षार्थींचे जेईईतील गुण दोन प्रकारे काढीत. एक अखिल भारतीय यादीवरून व एक त्याच मंडळाच्या विद्यार्थ्यांच्या यादीवरून. समजा, ९५ पर्सेंटाइलला ३६० पैकी देशभरात १४० व त्याच्या मंडळात १२० गुण येतात. दोहोंची सरासरी १३० हे त्याच्या बारावीचे बदललेले गुण झाले. त्याने स्वतः जेईईत ११० मिळविले असतील, तर ११० चे ६० टक्के म्हणजे ६६ आणि १३० चे ४० टक्के म्हणजे ५२, असे एकूण ११८ होतात. क्रम मंडळाचा, पट्टी सामायिक परीक्षेची, हेच सूत्र येथेही होते.

विद्यार्थ्यांनी बारावीचा वर्ग सोडून केवळ शिकवण्यांच्या मागे धावू नये, हा त्यामागील हेतू होता. परंतु सर्व मंडळांचे निकाल गोळा होईपर्यंत क्रमवारी थांबत असे आणि हिशेब सामान्य पालकास उमगत नसे. २०१७ पासून हे वजन रद्द झाले व बारावीचे गुण केवळ पात्रतेपुरते उरले. जी पद्धत समजावून सांगता येत नाही, ती न्याय्य असूनही लोकांच्या मनात टिकत नाही, हा धडा आपण त्यातून घ्यावा.

सामायिक परीक्षाच नसते तेव्हा

पट्टीचे महत्त्व खऱ्या अर्थाने कळले ते महामारीच्या काळात. २०२० साली इंग्लंडमध्ये अंतिम परीक्षा झाल्या नाहीत. शिक्षकांकडून विद्यार्थ्यांच्या अपेक्षित श्रेणी व क्रमवारी मागविण्यात आल्या. पट्टीसाठी परीक्षा नव्हती, म्हणून त्या त्या शाळेच्या मागील वर्षांच्या निकालांचा आधार घेतला गेला. अठराव्या वर्षी होणाऱ्या त्या परीक्षेत शिक्षकांनी सुचविलेल्या श्रेणींपैकी जवळजवळ ४० टक्के श्रेणी उतरल्या. ज्या शाळेतून पूर्वी कोणी उच्च श्रेणीत आले नव्हते, तेथील हुशार विद्यार्थ्यास यंदाही ती श्रेणी मिळणे दुरापास्त झाले. १३ ऑगस्टला लागलेला निकाल १७ ऑगस्ट रोजी मागे घेऊन शिक्षकांच्या श्रेणी मान्य कराव्या लागल्या.

२०२१ साली हीच अडचण आपल्याकडे आली. केंद्रीय माध्यमिक मंडळाने बारावीस दहावीचे ३०, अकरावीचे ३० व बारावीचे ४० टक्के असे सूत्र ठरविले आणि शाळेच्या मागील ३ वर्षांपैकी सर्वोत्तम वर्ष संदर्भास घेतले. विषयवार गुण त्या वर्षाच्या सरासरीपासून ५ गुणांच्या आत असावेत व शाळेची एकूण सरासरी २ गुणांहून अधिक वाढू नये, असा दंडक होता. सढळ हातास लगाम बसला खरा, परंतु पट्टी आली ती या मुलांच्या परीक्षेतून नव्हे, त्यांच्या पूर्वीच्या मुलांच्या परीक्षेतून.

राज्य मंडळाने दहावीसाठी नववीच्या निकालाचे ५० गुण, दहावीच्या वर्षातील लेखी मूल्यमापनाचे ३० व तोंडी, प्रात्यक्षिक आदींचे २० गुण धरले. बारावीस येथेही ३०, ३० व ४० टक्के हेच प्रमाण होते. दहावीचा निकाल ९९.९५ टक्के व बारावीचा ९९.६३ टक्के लागला. जवळजवळ सर्व गुण शाळेच्या हातचे असल्याने अकरावीसाठी सामायिक प्रवेशपरीक्षा योजण्यात आली, परंतु मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२१ रोजी तो निर्णय रद्द केला. त्या वर्षीच्या मुलांचा यात काहीच दोष नव्हता. तरीही “कोरोनाची बॅच” हा शेरा त्यांना पुढे अनेक ठिकाणी ऐकावा लागला, ही खेदाची गोष्ट आहे.

इंग्लंडच्या अनुभवाचा आपल्या भागाशी संबंध दूरचा नाही. गडचिरोली वा गोंदियातील एखाद्या लहान शाळेत यंदा प्रथमच एखादी असामान्य मुलगी बसली असेल. तिची उंची शाळेच्या मागील निकालांवरून मोजली, तर तिच्या आधी कोण होते यावरून तिचे भवितव्य ठरेल. सामायिक परीक्षा कितीही उणी असली, तरी अशा मुलीस आपली उंची स्वतः दाखविण्याची संधी तीच देते. म्हणून पट्टी नेहमी त्याच विद्यार्थ्यांच्या सामायिक परीक्षेतून आली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपण काय करावे?

आपल्या शाखेपुरते पाहिले, तर बी.ए.एम.एस. चा प्रवेश आज नीट परीक्षेच्या गुणांवर होतो आणि बारावीचे गुण पात्रतेपुरते लागतात. येथे शाळेचा क्रम पूर्णतः बाहेर राहिला आहे. औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेस मात्र बारावीच्या गुणांवर गुणवत्तायादी लागते. अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश नागपूर शहरात पूर्वीपासून व २०२५-२६ पासून राज्यभर दहावीच्या गुणांवर होतो. म्हणजे साध्या बेरजेचा प्रभाव अजून पुष्कळ आहे.

औषधालय-चालक बंधूंना आमची विनंती अशी, की उमेदवार निवडताना निरनिराळ्या वर्षांच्या टक्केवारीची सरळ तुलना करू नये. २०१९ चे ७० टक्के आणि २०२१ चे ८५ टक्के ही एका मानाने केलेली मोजणी नव्हे. उमेदवार आपल्या वर्षाच्या व आपल्या शाळेच्या मुलांत कोठे होता, हे विचारावे, आणि एखादा आठवडा काम देऊन पाहावे.

पालक असलेल्या वैद्यबंधूंनी लेखी व अंतर्गत गुण वेगवेगळे वाचावेत. अंतर्गत २० पैकी २० पाहून निश्चिंत होऊ नये आणि १४ पाहून मुलावर रागावू नये. तो आकडा मुलाइतकाच शाळेच्या हातावरही अवलंबून असतो. आपल्यापैकी जे शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवर आहेत, त्यांनी अंतर्गत गुण देताना मुलांमधील खरे अंतर राखले जाईल, असा आग्रह धरावा. सर्वांना सारखेच देणे हे औदार्य दिसते, पण त्यात वर्षभर कष्ट करणाऱ्या मुलाचे कष्ट पुसले जातात.

त्या आमच्या व्यवसायबंधूंना आम्ही इतकेच सांगितले : आपल्या कन्येचा पहिला क्रमांक खोटा नव्हता. त्याचे मोजमाप करण्याची जागा निकालाच्या कोष्टकात ठेवलेली नाही. तिला बरे वाटू द्यावे, निकाल तिच्यासमोर नीट उलगडून दाखवावा आणि पुढील वर्षाच्या अभ्यासास लावावे. निकाल कसा बनला हे कळले, की मुलास आपण कमी पडलो किती आणि माप कमी पडले किती, याचा भेद करता येतो. तेवढे जरी आपण आपल्या घरी व आपल्याकडे येणाऱ्या पालकांपर्यंत पोहोचविले, तरी हा लेख लिहिण्याचे प्रयोजन सफल झाले असे आम्ही समजू.